आकाशातून पडलेलं जातं

आमच्या घरात कुणी थाप मारली की आजी म्हणायची, "झालं, पडलं का आकाशातून जातं?" सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांनाच माहीत होतं. मूळ वाक्य माझ्या पणजोबांचं. ते पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' होते आणि १९१९ मध्ये परत आले. आपण वेढ्यात असताना विमानातून जातं खाली टाकलं, असं ते सांगायचे. लोक हसायचे. पुढे त्यांनी सांगणं सोडलं. वाक्य मात्र राहिलं.

मला जुन्या पुस्तकांचा नाद लागला तो या पणजोबांमुळे नाही. कॉलेजात असताना मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवर सेसिल लुईसचं 'सॅजिटेरियस रायझिंग' चाळीस रुपयांना मिळालं. सतरा वर्षांचं पोरगं वय चोरून १९१५ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरतं, लाकूड-कापडाच्या विमानात बसतं आणि जिवंत परत येऊन वीस वर्षांनी ते लिहितं. एका रात्रीत वाचून काढलं. मग इंद्रलाल रॉय कळला. कलकत्त्याचा हा मुलगा जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विमानं पाडून एकोणिसाव्या वर्षी गेला. शाळेच्या पुस्तकात हा कसा नव्हता, याचा मला अजून राग येतो.

आता अशी दोनशेएक पुस्तकं झालीत. नवं एकही नाही. विकणाऱ्याला विषय कळू द्यायचा नाही, हा माझा नियम. आधी स्वयंपाकाचं पुस्तक उचलायचं, त्याचा भाव विचारायचा, मग सहज विचारल्यासारखं "आणि हे?" त्या माणसांना हे नाटक केव्हाच कळलेलं असतं. घरी आणलं की दोन दिवस उन्हात. कसर लागलेली पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. मटारांशेजारी पहिलं महायुद्ध बघून बायको काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

तर, तीन वर्षांपूर्वी कूटच्या वेढ्यावरचं एक पुस्तक सापडलं. पाठ उसवलेली, नकाशा फाटलेला. घेतलं ते विमानांसाठी. वेढ्यात अडकलेली फौज होती सहावी पूना डिव्हिजन, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. सुटका करायला आलेल्या फौजा वाटेतच अडत होत्या. आत घोडे कापून खायची वेळ आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि ते खंगत गेले. शेवटी एप्रिलमध्ये विमानांना पिठाची पोती बांधून ती वरून टाकायला लागले. काही पोती तैग्रिस नदीत पडली, काही तुर्कांकडे. जगात वेढलेल्या फौजेला हवेतून रसद पुरवायचा तो पहिला मोठा प्रयत्न.

त्याच्या काही पानं आधी, एका परिच्छेदाच्या शेपटाला: शहरात धान्य सापडलं, पण दळायला काही नव्हतं, म्हणून विमानांनी जात्याच्या तळ्या टाकल्या.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग वडिलांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प. म्हणाले, "आई असायला हवी होती." आजी २०१४ मध्ये गेली. ती सून होती त्यांची, 'मामंजी' म्हणायची. आणि मामंजींच्या त्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

वडिलांनी मग एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. पणजोबा टांग्यात कधी बसले नाहीत. साताऱ्याला जायचं तरी चालत. घोडा समोर आला की वाट सोडून उभे राहायचे. त्यांनी तिथे ते मांस खाल्लं होतं का, हे घरात कुणी विचारलं नाही, आणि खाल्लं असतं तरी त्यांनी गावात सांगितलं नसतं. शरणागतीनंतर हिंदी कैद्यांना रस-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेलं, त्यातले कितीतरी मेले. तिथलं तर त्यांनी अवाक्षरही काढलं नाही.

आता नवं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटची सूची उघडतो. अधिकाऱ्यांची नावं असतात, घोड्यांचीसुद्धा असतात. मराठा पलटणींना दोन-तीन पानं. शिपायाचं नाव नसतंच. तरी आमचं आडनाव शोधतो. ते पुस्तक मी गावाला नेलं, वडिलांकडे दिलं. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण त्या पानात त्यांनी एसटीचं तिकीट घालून ठेवलंय, आणि घरी पाहुणा आला की ते पान उघडून दाखवतात.