पार आणि फार

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचे दोन समूह आहेत. एकाला ‘पार’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘फार’. मराठीचा प्राध्यापक असे काही सांगू लागला की ही त्याच्या पदरची कोटी असणार, असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण यात माझा काही हात नाही. पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू रेसिडेन्स हॉल्स आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यू रेसिडेन्स हॉल्स ही ती मूळची लांबलचक नावे. तिथल्या मुलांनी आद्याक्षरे जुळवून ती अशी आटोपशीर केली आहेत. इंग्रजीत ‘फार’ म्हणजे लांब. आणि ते वसतिगृह वर्गांपासून लांबच आहे, त्यामुळे नाव दोन्ही भाषांत शोभते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी शिकागोजवळच्या एका उपनगरात ताईकडे गेलो होतो. भाचीला नुकताच या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाने मान्य केलेल्या ठिकाणीच राहायचे, असा तिथला नियम आहे. वसतिगृहे पुष्कळ. त्यांतून पसंतीचा क्रम लावून द्यायचा, आणि सोबतीला कोणी ओळखीचे हवे असेल तर तसेही कळवायचे. आपल्याकडे स्थळे पाहताना घरात जे वातावरण असते, तेच मला ताईच्या घरात दिसले. जेवणाच्या टेबलावर नकाशे, याद्या, खुणा केलेली माहितीपत्रके. मायलेकी मात्र एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ताईचे मत पक्के होते. बुझी-इव्हान्स हे फक्त मुलींचे वसतिगृह. तिथे राहायचे, आणि खोलीत सोबत त्यांच्याच उपनगरातली एक मराठी मुलगी घ्यायची. त्या मुलीच्या आईशी बोलणेही होऊन गेले होते. भाचीला यातले काहीच नको होते. मेहुणे कामासाठी परगावी असल्यामुळे प्रत्यक्ष पाहणीला तिच्याबरोबर जाण्याचे काम माझ्यावर आले. निघताना ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू मास्तर आहेस. तुझं ऐकेल ती. समजाव तिला.”

अशा रीतीने मी शिष्टाईला निघालो. शिष्टाई श्रीकृष्णालाही साधली नव्हती, हे मला आठवायला हवे होते.

गाडी भाचीच चालवीत होती. शिकागो मागे पडले तसा रस्ता सरळ दक्षिणेकडे लागला आणि दोन्ही बाजूंना जमीन पसरली. इतकी सपाट जमीन कोकणातल्या माणसाने सहसा पाहिलेली नसते. पेरणी अजून व्हायची होती. नजर पोचेल तिथवर काळीभोर माती. आमच्या लाल मातीत वाढलेल्या डोळ्यांना ती वऱ्हाडातल्या कापसाच्या जमिनीसारखी वाटली. इथे मका आणि सोयाबीन पिकते.

“मामा, आईने तुला स्पाय म्हणून पाठवलंय ना?” भाचीने मध्येच विचारले.

“वकील म्हणून,” मी म्हणालो.

“कोणाचा?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शॅम्पेन आणि अर्बाना ही सांगली-मिरजेसारखी जोडगावे आहेत, आणि विद्यापीठ दोघांच्या शिवेवर वसले आहे. लिंकनच्या कारकिर्दीत १८६२ साली कायदा झाला, त्याने शेतकी आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या. त्यातून १८६७ साली हे विद्यापीठ उभे राहिले. आवाराच्या तोंडाशीच लोराडो टॅफ्टने घडवलेला, १९२९ सालचा कांस्याचा पुतळा आहे. विद्यामाता दोन्ही हात पसरून उभी, आणि तिच्या मागे श्रम आणि विद्या अशा दोन आकृती हातात हात घालून. भाचीने तिथे माझा फोटो काढला. मी त्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहिलो. त्या हातांत ‘ये’ होते आणि ‘जा’ही होते.

आधी बुझी-इव्हान्स पाहिले. मधल्या मोठ्या हिरवळीपासून चार पावलांवर. यातली बुझीची इमारत १९१८ ची, म्हणजे त्या वर्षी बरोबर शंभरीची. विटांचे जुने बांधकाम, शांत दिवाणखाना, कोपऱ्यात पियानो. मला ते फार आवडले. जुन्या वाड्यातल्या माजघरासारखी ऊब होती तिथे. “बघ किती छान आहे,” मी म्हणालो. “छानच आहे,” ती म्हणाली. “मला वाईट म्हणायचंच नाही.”

मग ॲलन हॉल. हे तिच्या मनातले. दिसायला साधी, आपल्या सरकारी कचेरीसारखी इमारत. पण १९७२ पासून इथे एक निराळा उपक्रम चालतो. काही वर्ग वसतिगृहातच भरतात. मातीची भांडी घडवण्याची चाके, फोटो धुण्याची अंधारी खोली आणि वाद्ये वाजवायच्या खोल्या याच छपराखाली आहेत. शिवाय कलावंत, लेखक, चळवळीतली माणसे पाहुणी म्हणून येतात, काही दिवस इथेच मुक्काम करतात, मुलांच्या पंगतीला जेवतात आणि रात्री गप्पा मारतात. हे ऐकून माझ्यातला वकील डळमळू लागला. पण खोल्या पाहिल्या: दोन कॉटा, दोन टेबले, दोन कपाटे, आणि न्हाणीघर मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून. पडद्यांवरून भांडण होईल एवढीच काय ती जागा.

‘पार’मध्ये मधोमध भोजनगृह आणि त्याच्या भोवती चार ठेंगण्या इमारती. पिंपळ तेवढा नाही, बाकी पाराचे सगळे गुण होते. येणारा-जाणारा तिथे टेकत होता. ‘फार’ म्हणजे बारा-बारा मजल्यांचे दोन मनोरे. तिथे पोचेपर्यंत माझे पाय बोलू लागले, आणि भाचीनेही हे नाव यादीत खाली टाकले.

परतताना ती मला मुद्दाम एका शेतावर घेऊन गेली. होय, विद्यापीठाच्या ऐन मध्यात शेत! मॉरो प्लॉट्स त्याचे नाव. १८७६ पासून इथे पिकांचे प्रयोग अखंड चालू आहेत. एका वाफ्यात तेव्हापासून दरवर्षी मकाच पेरतात; शेजारच्या वाफ्यांत पिकांची फेरपालट करतात. मक्यामागून मकाच घेतला की उत्पन्न कमी येते आणि पालट केली की वाढते, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या मोजून दाखवले आहे. या शेताचा मान एवढा, की १९६९ साली शेजारी ग्रंथालय बांधले ते जमिनीखाली. पिकावर सावली पडू नये म्हणून, असे सांगतात. ते ग्रंथालय २०२२ मध्ये बंद झाले. आम्ही गेलो तेव्हा मुले पायऱ्या उतरून पाताळात अभ्यासाला जात होती.

शेताच्या कडेला आम्ही बसलो. मी घसा साफ केला आणि शिष्टाईला हात घातला. ओळखीची मुलगी, आपली भाषा, आपले सणवार, आजारपणात कोणीतरी आपले. भाचीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, तू पुण्याला हॉस्टेलवर गेलास, तेव्हा कोणाबरोबर राहिलास?”

१९९६ साली मी चिपळूणहून पुण्याला गेलो. शाळेतला मित्र बरोबर होता. दोघांना एक खोली मिळावी म्हणून मी कचेरीतल्या कारकुनाच्या हातापाया पडलो. मिळाली नाही. माझ्या वाट्याला आला किल्लारीजवळच्या खेड्यातला एक अबोल मुलगा. पहिल्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलो. रात्री रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि खिडकीची तावदाने थरथरली की तो मुलगा झोपेतून उठून दारात जाऊन उभा राही. १९९३ च्या भूकंपाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तो काही सांगत नसे. पुढे पुढे मीही उठून त्याच्याबरोबर दारात उभा राहू लागलो. भाकरी कशी मोडायची, पाऊस न पडणे म्हणजे काय आणि गप्प बसलेल्या माणसाजवळ कसे बसायचे, हे मी त्याच्याकडून शिकलो. नंतर केलेल्या एम.ए.त यातले काही नव्हते.

हे सांगून झाल्यावर माझी वकिली संपली होती.

“आणि आई?” भाचीने विचारले. “आई कुठल्या हॉस्टेलवर होती?”

आई कुठल्याच हॉस्टेलवर नव्हती. ताई १९९२ साली बारावीला कॉलेजात पहिली आली. तिला पुण्याला जायचे होते. वडील पोस्टात होते. ते म्हणाले होते, “चार वर्षांनी धाकट्याला पाठवायचंय. एकाच खोलीचे पैसे जमतील.” ताईने एका शब्दाने वाद घातला नाही. गावातच शिकली, माझी बॅग तिनेच भरली, लग्न झाले आणि इकडे आली. जिला कधी खोली निवडायलाच मिळाली नाही, ती आता लेकीसाठी एवढ्या निगुतीने खोली निवडत होती. आणि तिच्या वाटणीच्या खोलीत राहून आलेला मी, तिची बाजू मांडायला आलो होतो.

भाची बराच वेळ मातीकडे पाहत होती. मग म्हणाली, “हे तिने मला कधीच सांगितलं नाही.”

त्या रात्री मायलेकी उशिरापर्यंत बोलत बसल्या. मी शहाणपणाने लवकर झोपलो. सकाळी टेबलावर एकच यादी होती. पहिले ॲलन, दुसरे बुझी-इव्हान्स, तिसरे ‘पार’, शेवटी ‘फार’. सोबत कोण हवे, ती जागा मोकळी.

आणि मिळाले काय? ‘फार’! सातवा मजला. सोबतीण दक्षिण इलिनॉयमधल्या शेतकऱ्याची मुलगी. निवड माणसाने करावी आणि निकाल कचेरीने लावावा, ही रीत दोन्ही देशांत सारखीच.

ऑगस्टमध्ये ताई तिला पोचवायला गेली. पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजले होते, तेव्हा तिचा फोन आला. खोली लहान आहे म्हणाली, पण खिडकी मोठी आहे, लांबवर शेते दिसतात. गादीवर चादर घालून झाल्यावर ती तिथे अर्धा तास नुसती बसून राहिली होती. लेकीने शेवटी “आई, आता जा,” म्हटले तेव्हा उठली.

मग थोडे थांबून तिने विचारले, “तुझ्या खोलीला खिडकी होती का रे?”

बावीस वर्षांत हे तिने कधी विचारले नव्हते. आणि मीही आपणहून कधी सांगितले नव्हते. होती, म्हणालो, आणि मग उजाडेपर्यंत, त्या खिडकीतून काय काय दिसत असे, ते तिला सांगत बसलो.