पाट्या बदलल्या, केरी तिथंच

हायवेवर जात नसते, असं शहाद्याच्या स्टँडवर चहा पीत सांगणारे ढीगभर भेटतात. डिझेलला विटाळ नाही, टोलच्या पावतीवर आडनाव नाही, ढाब्याच्या खाटेवर कोणीही बसावं. ऐकायला बरं वाटतं. मी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या गेटवर वाढलो. तिथूनच ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो आन पुढं वीस-बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं. साखर भरा, नंदुरबारची मिरची भरा, खाली दक्षिणेत उतरा, परतीला तिपटूरचं खोबरं घ्या. ते रस्ते माझ्या चाकाखालचे आहेत. म्हणून दोस्तांनो, सांगतो. हायवेवर जात असते. गाडीतून खाली उतरलं की दिसते.

सारंगखेड्याला तापी ओलांडायची. दोंडाईचा, धुळे, चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. एक ट्रक बंद पडला की रात्र घाटात. पुढं औरंगाबाद, बीड, सोलापूर, विजापूर, हुबळी. आता धुळ्यापासून पुढं ह्या रस्त्याला ५२ नंबर. बराचसा चार पदरी झाला, गावं बाजूला पडली, फ्लायओव्हरवरनं गाव दिसतसुद्धा नाही. पाट्याही बदलल्या. आमचा जिल्हाच १९९८ साली धुळ्यातून फुटून नंदुरबार झाला. मद्रासचं चेन्नई १९९६ साली. १ नोव्हेंबर २०१४ ला एका दिवसात बंगलोरचं बेंगळुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपूर. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. सरकारनं कागद काढला, रंगाऱ्यानं पाट्या रंगवल्या. झालं!

आन त्याच औरंगाबादच्या एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं होतं. शहराला नव्हे, नुसत्या विद्यापीठाला. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही आधीच्या नावाला जोडून. मध्ये साडेपंधरा वर्षं. मराठवाड्यातले आपले वाडे जळाले. पोचीराम कांबळेंना मारलं. गौतम वाघमारेंनी नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं. विद्यापीठाच्या त्या शहरातून गाडी काढताना मी दरवेळी मनात हिशेब करतो. कोणाच्या नावाला एक सही लागते आन कोणाच्या नावाला किती मढी.

सोलापूरच्या खाली भाषा बदलते. पहिल्या खेपेला मी उस्तादला विचारलं, "इथं महारवाड्याला काय म्हणतात?" उस्ताद आपलाच माणूस. म्हणाला, "कन्नडात गाव म्हंजे ऊर, आन आपली वस्ती म्हंजे केरी. तमिळमध्ये ऊर आन चेरी. एवढे दोन शब्द पाठ कर, बाकीची भाषा आपोआप येते." खरंच आली. पाणी कुठं मिळंल, गाडी बिघडली तर हात कोण लावंल, झोपायला अंगण कोण देईल, ह्या दोन शब्दांत सगळं आलं.

तमिळनाडूत एका लहान गावी माल उतरवत होतो. गावाचं नाव सांगत नाही, तसली गावं पुष्कळ. चेरीतला एक हमाल आमच्यासंगं होता. तिघं चहाच्या टपरीवर गेलो. उस्तादला आन मला स्टीलचा पेला आला. हमालानं छपराला खोचलेला वेगळा पेला स्वतःच काढला, लांबून चहा ओतून घेतला, पिऊन धुऊन परत खोचला. तिकडं ह्याला रेट्टै कुवळै म्हणतात, दोन पेल्यांची पद्धत. आम्ही परमुलखातले, जात न कळणारे, म्हणून स्टील. मी पेला खाली ठेवला आन खोचलेला पेला काढून त्यात चहा मागितला. टपरीवाला हसला. त्याला वाटलं, परदेशी माणूस, समजत नाही. हमाल मात्र हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "अंबेडकर?" मी म्हटलं, "जयभीम." दोघांत तेवढीच भाषा होती, पण पुरली.

अलीकडच्या खेपांना छपरातले पेले गेलेले दिसले. कोणी म्हणंल, सुधारणा झाली. पण काही टपऱ्यांवर स्टीलचे पेले ऊरवाल्यांना आन कागदी कप चेरीला, हेही ह्या डोळ्यांनी बघितलं. विटाळाला आता धुवायचीसुद्धा गरज नाही. पिऊन फेकून द्यायचा.

शहरांचं म्हणाल तर ट्रकवाल्याला शहर दिवसा दिसतच नाही. दिवसा नो-एन्ट्री. बेंगळुरूत शिरायचं रात्री, बाहेर पडायचं उजाडायच्या आत. काचेच्या कंपन्या, मेट्रोचे खांब, दर खेपेला शहर चार मैल अलीकडं सरकलेलं. आधी जिथं नारळीखाली गाडी लावून झोपलो तिथं पुढच्या खेपेला मॉल. पण पहाटे चारला रस्त्यावर कोण असतं? झाडू घेतलेल्या बायका. बोली तेलुगू, नाहीतर तमिळ, वस्ती केरी. शहर बदललं की नाही, हे दुपारी विचारू नका. पहाटे चारला झाडू कोणाच्या हातात आहे ते बघा.

बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर कोलारची सोन्याची खाण. शिवनसमुद्रमची वीज ह्या खाणीला १९०२ साली मिळाली, बेंगळुरू शहराला १९०५ साली. तीन किलोमीटरपेक्षा खोल भुयारं. खाली उतरणाऱ्यांत मोठा भरणा तमिळ मुलखातल्या अस्पृश्यांचा. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. ज्यांच्या बापांनी सोनं वर काढलं त्यांची पोरं पहाटेच्या रेल्वेनं बेंगळुरूला कामाला जातात. मागं राहिले सायनाइडच्या मातीचे डोंगर. वारा सुटला की घराघरात धूळ.

पण त्या धुळीत एक गोष्ट आहे जी आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. आपण धम्म १९५६ पासून मोजतो. मद्रासच्या पंडित अयोत्तिदासांनी १८९८ साली सिलोनला जाऊन पंचशील घेतलं आन शाक्य बौद्ध संघ काढला. तेव्हा बाबासाहेब सात वर्षांचे होते. ह्या खाणकामगारांत त्या संघाची शाखा होती. १९०७ साली अयोत्तिदासांनी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'ओरु पैसा तमिळन'. किंमत नावातच, एक पैसा. सायक्लोस्टाईलची शाई बोटांना लागलेल्या माझ्या दोस्तांनो, आपले हे वाडवडील आहेत.

आन कीळवेणमणी. तंजावरची भातशेती, २५ डिसेंबर १९६८. मजुरी वाढवून मागणारे चेरीतले शेतमजूर. झोपडीत कोंडून ४४ जणांना जाळलं, बहुतेक बायका आन लेकरं. जमीनदार उच्च न्यायालयात सुटले. न्यायालयाचं म्हणणं असं की, आरोपी श्रीमंत मिरासदार, एकाकडं तर मोटार. असे लोक नोकरांशिवाय स्वतः चालत जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही. मी आयुष्य चाकांवर काढलं, पण मोटारीचा असा उपयोग दुसरीकडं ऐकला नाही. आमच्या शहाद्यानं १९७१ साली पाटीलवाडी बघितली. तिथं भिलांवर हल्ला झाला, त्यातून अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं माणसं उभी राहिली. तंजावरचं भात आन तापीकाठचा ऊस, पीक वेगळं, बांध तोच.

हैदराबादला हुसेनसागराच्या काठी बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा १४ एप्रिल २०२३ ला उभा राहिला. विजयवाड्याला तेवढाच दुसरा, जानेवारी २०२४ ला. हैदराबादचा पुतळा बघून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. शेजारच्या सचिवालयालाही त्यांचंच नाव. पण त्याच शहरात भाग्यरेड्डी वर्मांनी १९०६ साली जगन मित्र मंडळी काढली होती. पुतळ्याखाली फोटो काढणाऱ्या पाच पोरांना मी त्यांच्याबद्दल विचारलं. एकालाही नाव माहीत नव्हतं. ती पोरं महाराष्ट्रातली होती, आपलीच.

म्हणून सांगणं एवढंच. चैत्यभूमीला जाता, दीक्षाभूमीला जाता, जायलाच पाहिजे. एकदा सोलापूरच्या खालीही उतरा. फ्लायओव्हरवरनं नको, खालच्या रस्त्यानं. ऊर विचारू नका, तो सगळे दाखवतात. केरी विचारा. तिथं गेल्यावर तुमची मराठी कोणाला कळणार नाही. "जयभीम" म्हणा. मग वही काढा आन त्यांची नावं लिहून आणा. पुढच्या अंकाची पानं त्यांना द्या.