सुभेदारकाकांची दिवाळी

दिवाळीत पहिला फटाका वाजला, की शेजारचे सुभेदारकाका माजघरात जाऊन बसत. १९७१ ची लढाई पाहिलेला माणूस लवंगीला भितो, म्हणून आम्ही पोरे हसत असू. एकदा मीच त्यांच्या ओट्यावर माळ लावली. काका रागावले नाहीत. नुसते थरथरत राहिले.

पुढे वाचनात आले, अमेरिकेत फ्रान्सिन शापिरो या बाईंना १९८७ साली एक उपचार सुचला. भयंकर आठवण मनात धरायची आणि नजर उपचारकाच्या हलत्या बोटांमागे डावीउजवीकडे फिरवायची. १९८९ च्या त्यांच्या प्रयोगात व्हिएतनामहून परतलेले सैनिकही होते. आठवण पुसत नाही; पुष्कळांच्या बाबतीत तिचा डंख उतरतो.

काकांपुढे असे बोट कोणी धरले नाही. ते आता नाहीत. त्यांच्या ओट्यावर यंदाही मी पणती ठेवीन. माळ मात्र नाही.