फ्लशची टाकी रात्री का वाजते

चि. सोनूस,

काल फोनवर म्हणालीस, रात्री कुणी हात न लावता फ्लशच्या टाकीत पाणी भरल्याचा आवाज येतो आणि घरात एकटी असल्याने दचकायला होतं. घाबरू नकोस. टाकीच्या तळाशी पाणी अडवणारं रबरी वॉशर झिजलं की पाणी हळूहळू भांड्यात पाझरतं. पातळी उतरली की पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली येतो, पाणी भरणारा व्हॉल्व्ह उघडतो, थोडं पाणी भरतं आणि पुन्हा सगळं गप्प. दिवसाही हे चालूच असतं, रहदारीत ऐकू येत नाही इतकंच. खात्री करायची तर टाकीत खाण्याचा रंग टाक आणि अर्धा तास फ्लश करू नकोस. भांड्यातलं पाणी रंगलं, तर वॉशर बदलून घे.

सतत सूंऽ असा आवाज येत असेल, तर झाकण काढून बघ. पाणी ओव्हरफ्लो पाइपात सांडत असेल, तर पातळी त्याच्या तोंडाखाली इंचभर राहील इतका फ्लोट उतरव. भरताना शिट्टी वाजली, तर फ्लोट हाताने उचल. शिट्टी थांबली की दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. पाणी बंद होताना भिंतीत धप्प होत असेल, तर सैल पाइपला क्लॅम्प मारून घे.

मला खरी काळजी वाटते ती गुडगुडण्याची. तो आवाज टाकीचा नव्हे, भांड्याखालचा. तिथल्या वळणात साचलेलं पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वळणाचं पेटंट घेतलं, आणि आजही आपली सगळ्यांची भिस्त त्या दोन-तीन बोटं पाण्यावरच आहे. वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर तुझ्याकडे गुडगुडत असेल, तर पाइपात हवा खेळत नाही असं समज. हवा येण्यासाठी गच्चीवर व्हेंट पाइपचं उघडं तोंड असतं. त्यात पारव्यांनी घरटं केलं, किंवा वॉटरप्रूफिंगवेळी कुणी ते बुजवलं, की खाली जाणारं पाणी तुझ्या वळणातलं पाणीही ओढून नेतं आणि घरात वास सुटतो. तू फ्लश केल्यावर मोरीची जाळी गुडगुडत असेल, तर मात्र लाइन तुंबत आली आहे.

व्हेंट आणि खालपर्यंत जाणारी लाइन तुझ्या एकटीची नाही. घरमालकांना सांग, सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळव. भाड्याने राहतेस म्हणून संकोच करू नकोस. गटारातला वायू घरात आला, तर तो तूच श्वासात घेणार. आणि घाईने ॲसिड ओतू नकोस. कोंडलेली हवा त्याने मोकळी होत नाही, आणि आधी ब्लीच टाकलेलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

टाकीखालचा अँगल कॉक फिरतो का, ते आजच बघ. वर्षानुवर्षं न हलवलेला कॉक जाम होतो आणि ऐनवेळी पाणी बंद करता येत नाही. आवाज झाला की मोबाइलवर टिपून ठेव, प्लंबर समोर असताना तो हमखास येत नाही. मलाही पाठव, मी ऐकून सांगतो.

तुझा,
मामा