वासोट्यावरचे कैदी आणि आमची पत्र्याची पेटी

परवा बामणोलीला बोटींच्या धक्क्यावर उभा होतो. पुण्याहून आलेल्या पोरांचा एक घोळका वासोट्याला निघाला होता. एकानं बोटवाल्या काकांना विचारलं, "वर बघायला काय आहे?" काका म्हणाले, "जंगल हाय, मारुतीचं देऊळ हाय, बाबूकडा हाय. आन् पूर्वी तितं तुरुंग हुता." पोरं हसली आणि बोटीत बसली. तुरुंगात कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सांभाळून घ्या.

वासोटा म्हणजे देश आणि कोकण यांच्या सीमेवरची चौकी. एका बाजूला कोयनेचं खोरं, दुसऱ्या बाजूला कडा सरळ कोकणात उतरलेला. अशा आडजागी माणूस ठेवला की तो पळून जाणार कुठं?

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराज आत अडकले. तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा, दारूगोळा घेऊन वेढ्यात गेला आणि कंपनीचं निशाण फडकावत गडावर गोळे टाकले. व्यापारी माणसाला हा उद्योग सांगितला होता कुणी? महाराज वेढ्यातून निसटले, पण हे विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूरवर चालून गेले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना पकडून नेलं. वासोटा, सोनगड अशा गडांवर त्यांना ठेवलं. उरलेले सुटले ते १६६३ मध्ये. रेव्हिंग्टन आजारी पडल्यामुळं आधीच सुटला होता, पण तो फार जगला नाही.

आता खरी गंमत. हे कैदी तुरुंगातून सुरतेच्या आपल्या वरिष्ठांना पत्रं लिहीत होते. आम्हाला सोडवा, तुम्ही काहीच करत नाही, अशी. मार्च १६६२ मध्ये सुरतेहून उत्तर आलं. त्याचा मतितार्थ असा की तुम्ही कंपनीचा माल राखताना कैद झालेला नाही. पन्हाळ्याला जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे टाकलेत म्हणून झालात. दुसरा कुणीही असता तरी त्यानं असाच सूड घेतला असता.

वाचताना मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. मी वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. बातमीपायी अडचणीत आल्यावर मुख्य कार्यालयातून येणारा फोन साधारण याच भाषेत असतो. "तुम्हाला तिथं जायला कुणी सांगितलं होतं?" असो.

पण ही भांडणं आपल्याला कळली कशी? कंपनीचा कारभार कागदावर चालायचा. पत्राची नक्कल ठेवायची, एक प्रत वर पाठवायची, वर्षअखेर गठ्ठे लंडनला. त्यातले महाराजांविषयीचे कागद निवडून पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ मध्ये छापले. गडांची, गावांची नावं साहेबाच्या कानाला जशी लागली तशी, पन्हाळ्याचं 'पनेला'. तरीही आहेत. वखारीतला एक कारकून कंटाळत नकला करत बसला, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्या डोंगरातली गोष्ट आपल्याला त्याच्याकडून कळते.

आपल्याकडं कागद नव्हते असं नाही. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचं केवढं दप्तर होतं! साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी जन्मभर असे कागद गोळा केले. १९३९ मध्ये त्यांचा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. काहींना त्याचा राग आहे, मला नाही. पुण्यात गेला म्हणून वाचला.

जे वाचलं नाही, त्यातलं एक माझ्याच घरचं. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली. पाणी चढू लागलं तेव्हा आज्यानं भांडी मागं ठेवली आणि एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बाहेर पडला. आत मोडीतले कागद, काही पावत्या, काही रोखे. आमच्यात कुणालाच वाचता यायचे नाहीत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं, तेव्हा आई म्हणाली, "ही कुठं ठेवायची रं?" पेटीला वाळवी लागली होती. मी मोबाइलवर बातमी सांगत होतो. म्हणालो, "दे रद्दीवाल्याला." पत्रकारितेचा डिप्लोमा भिंतीवर टांगून बसलेला मी! आई एवढंच म्हणाली, "तुझ्या आज्यानं पाण्यातनं आणलीया." आणि दिली.

पुढं चुलत्यांच्या पुनर्वसनाच्या जमिनीचं प्रकरण निघालं. एका कार्यालयात विचारलं, मूळ गावात तुमची जमीन होती याचा जुना कागद आहे का? चुलते माझ्याकडं बघत राहिले. त्या पेटीत तो कागद होता की नव्हता, हे आता देवालाच ठाऊक. काही नसेलही. पण बघायच्या आधीच मी तो विषय संपवला होता.

तर विनंती. तापोळा, बामणोली, जावळी, कोयना भागातल्या कुणाच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, धान्याच्या कणगीखाली मोडीचं बाड असेल तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम धरतो. सेलोटेप लावू नका. द्यायचंच झालं तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय. मोडी वाचणारी चार माणसं माझ्या ओळखीची आहेत. मला मेसेज करा. न्यायला येणार नाही, घरातच बसून फोटो काढून देईन. चहा मात्र लागेल.