वीतभर इम्पाला

तिची लांबी वीतभर. खरी 1964 ची शेव्हरोले इम्पाला साडेसतरा फूट. ही तिच्या एक पंचविसांश, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या आसपास. जन्म डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधला, एएमटी कंपनीच्या साच्यातून. वय साठीच्या पुढे. अंगावर ब्रशने फासलेल्या लाल रंगाचे जाड थर, खरवडलं की त्याखाली निळा. बॉनेट नाही. मागचं एक चाक नाही. पुढच्या काचेत, ड्रायव्हरच्या बाजूला, एका लहान अंगठ्याचा ठसा रुतून बसलेला. मॉडेल जोडण्याच्या छंदातली मंडळी अशा गाडीला 'ग्लू बॉम्ब' म्हणतात, आणि दिसली की सोडत नाहीत.

घराणं मोठं आहे तिचं. एएमटीची सुरुवात 1948 ची, अॅल्युमिनियमच्या प्रतिकृतींपासून. लवकरच कंपनी प्लास्टिककडे वळली. मोटारविक्रेते त्या वर्षीच्या नव्या मोटारीची छोटी प्रतिकृती दुकानात ठेवत, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या हातात देत. खऱ्या मोटारीच्या जाहिरातीसाठीच बनवलेली वस्तू, त्यामुळे टपाचा उतार, दिव्यांची ठेवण, दारावरून जाणारी रेघ, सगळं जिथल्या तिथे. 1958 मध्ये कंपनीने सुट्या भागांचे संच विकायला काढले. एका खोक्यात तीन गाड्यांची सोय होती. कारखान्यातून निघते तशी, हौसेने नटवलेली, किंवा शर्यतीची. तिघींपैकी कुठली बनवायची, ते मुलाने ठरवायचं. खेळण्याच्या धंद्यात मुलाच्या मर्जीला इतका मान देणाऱ्या वस्तू फार थोड्या झाल्या असतील.

हिच्या पहिल्या मालकाने शर्यत निवडली होती. दारावर आकड्याच्या डिकलचा पिवळा पडलेला तुकडा अजून आहे. मागच्या चाकांवरची कमान तापलेल्या सुरीने कापून मोठी केलेली आहे, रुंद टायर मावावेत म्हणून. कापलेली कड वेडीवाकडी आहे, पण दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर. म्हणजे त्याने मोजलं होतं. काचेवरच्या ठशाचं कारणही उघड आहे. ट्यूबमधला ग्लू प्लास्टिकला नुसता चिकटत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो. दोन कडा वितळून एकजीव होतात. बोटाला लागलेला थेंब काचेवर टेकला की बोटाच्या रेषा कायमच्या उमटतात. एवढी सुंदर गाडी समोर तयार होत असताना दहा वर्षांच्या मुलाने ग्लू वाळेपर्यंत हात मागे ठेवावेत, ही अपेक्षाच चुकीची.

आता तिला पुन्हा उभी करायची, तर घाई तिला सोसत नाही. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की जुने सांधे ठिसूळ होतात; सकाळी हलकासा पीळ दिला की टक् असा आवाज येतो आणि तळाची चासी सुटते. जिथे प्लास्टिक खरोखर एकजीव झालंय तिथे मात्र पातळ पात्याची करवतच लागते. रंग उतरवायला कॉस्टिक सोड्याचा ओव्हन क्लीनर चालतो. तो गाडीच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, धक्का लावत नाही, पण कातडी जाळतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. दात घासायच्या जुन्या ब्रशने लाल जातो, मग निळा जातो, आणि खालून ती साच्यातून निघाली त्या दिवशीची पांढरी बाहेर येते. हा क्षण मला या कामातला सगळ्यात मोठा वाटतो. बंपर घरातल्या साध्या ब्लीचमध्ये टाकायचे. त्यांच्यावरची चकाकी म्हणजे निर्वातात चढवलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. ब्लीचमध्ये तो बघता बघता विरून जातो.

टायर हे तिचं जुनं दुखणं. मऊ व्हिनिलमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि ज्या प्लास्टिकला टेकलेलं असेल ते वितळवतं. म्हणून रिम निघते ती घेराभोवती खाल्लेली. न उघडलेल्या खोक्यातल्या गाड्याही यातून सुटत नाहीत. टायर काचेला टेकून पडला असेल तर काचेवर त्याची कमान उमटलेली सापडते. खोकं सीलबंद ठेवून किंमत वाढण्याची वाट पाहणाऱ्यांचं मला म्हणूनच कधी पटलं नाही. ही वस्तू जोडण्यासाठी जन्मली आहे.

बॉनेट दुसऱ्या गाडीचं उसनं आणून, त्याचा सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये ओतता येतं. मग पुट्टी, पॉलिशपेपर, राखाडी प्रायमर. प्रायमर लावला की लपलेला प्रत्येक खड्डा उघडा पडतो, आणि पुन्हा पुट्टी. पेपर मारताना एका जागी फार जपावं लागतं. मागच्या पत्र्यावर 'इम्पाला' ही उठावाची अक्षरं आहेत, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. ती एकदा घासली गेली की परत येत नाहीत. जाणते लोक रंग देण्याआधीच त्या अक्षरांवर अॅल्युमिनियमचा पातळ चिकट वर्ख बसवतात, वरून रंग मारतात, आणि थिनरच्या ओल्या काडीने फक्त अक्षरांच्या माथ्यावरचा रंग पुसतात. खालून चांदीसारखी अक्षरं वर येतात. काचेभोवतीच्या चौकटीही त्याच वर्खाच्या, नव्या कोऱ्या ब्लेडने कडेकडेने कापलेल्या.

तो अंगठ्याचा ठसा ठेवावा असं काहींना वाटतं. मी तो काढतो. 2000 नंबरच्या पाण्याच्या पेपरने काच घासायची, पॉलिश करायची, मग फरशीच्या पारदर्शक अॅक्रिलिक पॉलिशमध्ये बुडवून निथळत ठेवायची. त्या मुलालाही स्वच्छ काचच हवी होती. पण त्याची निवड मी बदलत नाही. कापलेल्या कमानी भरून तिला शोरूमची गाडी करणं शक्य आहे. मी त्या कडा कानशीने गोल करतो आणि दारावर आकडा परत लावतो. ती शर्यतीची गाडी होती, शर्यतीचीच राहील.

या गाड्यांची काळजी करायला आणखी एक कारण आहे. खऱ्या मोटारीचं रूप दर वर्षी बदले, आणि अनेकदा प्रतिकृतीचा जुनाच साचा कोरून पुढच्या सालासाठी वापरत. असं झालं की मागच्या सालाची गाडी त्या साच्यातून पुन्हा निघणं बंद. मग उरतात त्या फक्त पोराटोरांनी जोडलेल्या, तळघरांत धूळ खात पडलेल्या.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. गराज सेलमध्ये किंवा विकत घेतलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर अशी मोडकी गाडी सापडली, तर ती कचऱ्यात टाकू नका. चाकं नसली तरी चालेल, टप फुटला असला तरी चालेल. एखादा बंपर, एखादी काच, एक सीट धड असेल, तर जवळच्या मॉडेल क्लबात नेऊन द्या. दुसऱ्या कुणाच्या टेबलावरची गाडी नेमकी तेवढ्यासाठीच अडलेली असते.