पळता लाइट

बार्शीत गणपती जवळ आले की मंडळाचा अध्यक्ष कमानीकडे हात करून मला, रोषणाईवाल्याला, एकच सांगतो, “लाइट पळता पाहिजे बरं का.” ही फर्माईश रोलरच्या काळापासूनची. तेव्हा मोटरवर लाकडी रोल फिरायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. पट्टी घासली की एकेक सर्किट लागायचं, ठिणग्या उडायच्या. दिव्यांचे गट तारेनंच ठरायचे. नमुना बदलायचा म्हणजे पट्ट्या उचकटा.

आताच्या पिक्सेल माळेत प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते. डब्ल्यूएस२८१२ चिप आलेल्या डेटातले आपले २४ बिट ठेवून घेते आणि बाकीचे प्रसादाच्या ताटासारखे पुढे सरकवते. एका दिव्याला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात. एकाच डेटा वायरवर १००० दिवे ओढले, तर सेकंदाला जेमतेम ३३ चित्रं; २५०० दिव्यांना १३च, आणि पळणारा लाइट लंगडायला लागतो. म्हणून दोन्ही खांबांना आणि माथ्याला मी स्वतंत्र डेटा देतो. पॉवरचं गणित आणखी वेगळं. पाच व्होल्टचे ३०० पिक्सेल पूर्ण पांढरे केले की १८ अँपिअरपर्यंत खेचतात. एकाच टोकानं पुरवठा दिला तर शेवटचे दिवे तांबूस पडतात. मध्ये-मध्ये पॉवर जोडावीच लागते.

खरं काम मात्र कागदावर. माळ खांबावर खालून वर जाते, वळते, वरून खाली येते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन ओळींत नंबर उलटे धावतात. ते लिहून काढले की ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरवर चालणाऱ्या डब्ल्यूएलईडी या सॉफ्टवेअरमध्ये हवे तसे गट पाडता येतात, एखादी ओळ उलटी फिरवता येते. सकाळी खांबात मोजलेले दिवे संध्याकाळी कमानीची किनार होतात, शिडी न लावता. नमुने आधीच कार्डावर भरून ठेवणाऱ्या एसडी कार्डाच्या कंट्रोलरवर मात्र आरतीपुरता एकच भाग मंद करायचा म्हटलं, की पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसा.

माझं मत विचाराल तर सगळंच पळवू नये. गावातल्या भगवंताच्या देवळावर एकादशीची रोषणाई करायची झाली, तर मी शिखर स्थिर पिवळं ठेवीन आणि हालचाल फक्त खालच्या किनारीला देईन, तीही सावकाश. डोळ्याला कुठेतरी टेकायला जागा हवी.

हे सगळं फोनवरून वायफायनं चालवता येतं, पण गर्दीत मी त्यावर भरवसा ठेवत नाही. कंट्रोलरच्या डब्यातून वायर काढून मांडवाच्या खांबावर साधं बटण लावतो: एकदा दाबलं की आरती, दोनदा दाबलं की पळता. ते पुजाऱ्याच्या हाताशी असावं. टाळ वाजायला लागल्यावर फोन कुणाच्या खिशात आहे ते कोण शोधणार?